तेल कोणी भरलं होतं

बाबा, तेल तुम्ही भरलं होतं. मी नाही. हे वाक्य मी इतकी वर्षं मनात घोळवलं आहे की आता कागदावर उतरवताना राग उरणार नाही असं वाटलं होतं. कसलं काय! डोकं तापलं आहे. आजही ती एक मेची दुपार आठवली की तळपायाची आग मस्तकात जाते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काहून वं एवढी तडकून राहिली? जुनी गोष्ट झाली नं ते!" हो, जुनी झाली. तुमच्यासाठी. तुम्ही निघून गेलात आणि सुटलात. माझ्यापाशी ती अजून तशीच पडून आहे.

आधी त्या रिमोटच्या खेळण्यातल्या गाडीचं सांगते, कारण भांडण तिच्यावरूनच आहे. कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत आपल्या क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर तुम्ही ती पहिल्यांदा ठेवलीत तेव्हा मी अकरावीत होते. नव्या युनिटच्या कामावर आलेला तो परदेशी इंजिनीअर संध्याकाळी क्लबच्या मैदानात ती पळवायचा. हातातल्या डब्याची काडी हलवली की गाडी धूळ उडवत पळायची, आणि कॉलनीतली सगळी पोरं तिच्यामागे. जाताना त्याने ती बिघडलेली गाडी तुम्हाला देऊन टाकली, कारण तुम्ही एकदा तिची तुटलेली वायर जोडून दिली होती. आई म्हणाली, "पोराचं खेळणं कायले आणलं जी? आपल्या घरी तं पोरगीच आहे." तुम्ही म्हणालात, "पोरगीच चालवंल." बाबा, लक्षात ठेवा, हे तुम्ही म्हणाला होता. मी नव्हतं मागितलं.

मग आपले रविवार सुरू झाले. तुम्ही ड्यूटीवरून आलात की अंघोळ, तर्री-पोहे, आणि ओट्यावर जुनं पोतं अंथरून आपण दोघं. मागचं चाक काढायचं, चार बारीक स्क्रू सोडवायचे, आणि आतून ती लिंबाएवढी डबी बाहेर काढायची. डबीच्या आत चिमुकली दातेरी चाकं. तुम्ही मला ट्रकचं उदाहरण देऊन समजावलं होतं. कोळशाचा ट्रक वळतो तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर चालतं आणि आतलं कमी, म्हणून दोघांना आपापल्या चालीने फिरू देणारा डिफरन्शिअल मध्ये बसवतात. पण आपल्या मैदानात मुरूम, त्यावर चिमणीची राख, त्यात खड्डे. वळणावर आतलं चाक जरा उचललं गेलं की सगळी ताकद त्यालाच जायची, ते हवेत नुसतं गरगरायचं आणि गाडी जागीच रडत बसायची. त्यावर उपाय एकच. डबीत घट्ट तेल भरायचं, म्हणजे दातेरी चाकांना एकमेकांपासून फार पळता येत नाही. पण फार घट्ट झालं तर दोन्ही चाकं एकत्र जखडतात आणि गाडी वळायचं नावच घेत नाही. नेमकं मधलं तेल सापडायला हवं होतं.

आधी आपण ग्रीस भरलं. सकाळी ते दगड आणि दुपारी ताक. नागपूरच्या उन्हात ग्रीसचं काय होणार! मग एक दिवस तुम्ही ड्यूटीवरच्या वीज-पॅनेलमधलं तेल आणलंत. मोठ्या मोटरींवर ताण आला की त्यांची वीज तोडणाऱ्या रिलेमध्ये एक छोटा कप असायचा, त्यात हे तेल, मोटर सुरू होताना रिलेने उगाच घाईघाईने वीज तोडू नये म्हणून. मेंटेनन्सनंतर बाटलीच्या तळाला जे उरायचं, फेकून द्यायचं, ते तुम्ही आणलंत. एक पातळ, एक घट्ट. "ह्या तेलाले ऊन समजत नाही," तुम्ही म्हणालात. "सकाय असो का दुपार, याची चाल बदलत नाही." मी दोन्ही तेलं वेगवेगळ्या मापाने मिसळून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांत भरली. प्रत्येक बाटलीत सायकलचा एक छर्रा टाकायचा आणि तो तळाला किती वेळाने टेकतो ते पाहायचं. कुठल्या बाटलीतला छर्रा कसा उतरतो हे मला बघून बघून पाठ झालं. तुम्ही बाजूला बसून विडी ओढत म्हणायचात, "पाह्य, कशी सोनाराच्या नजरेनं पाहून राहिली." तेव्हा मला किती बरं वाटायचं, हे लिहितानाही चीड येते.

आता त्या तांदळाएवढ्या जागेचं सांगते. ह्या तेलाची चाल उन्हाने बदलत नाही, पण ते उन्हात फुगतं. एप्रिलमध्ये आपण डबी काठोकाठ भरली होती, गाडी उन्हात राहिली, आणि झाकणाखाली गळू नये म्हणून लावलेल्या कागदातून तेल बाहेर येऊन चाकावर उतरलं. चाक तेलकट, गाडी साबणावर पाय पडल्यासारखी घसरली. त्या दिवसापासून आपला नियमच झाला. डबी भरताना वर तांदळाएवढी जागा रिकामी सोडायची, बुडबुडे वर यायची वाट बघायची, मग झाकण. तुम्हीच म्हणालात, "तेलाले श्वास घ्यायले जागा ठेवजो." हा नियम जगात फक्त दोघांना माहीत होता. तुम्हाला आणि मला.

एक मेला क्लबच्या मैदानात महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम ठरला आणि त्यात ह्या गाड्यांची शर्यत. रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांचा मुलगा गाडी घेऊन येणार होता, धरमपेठेतल्या एका दुकानदाराचा मुलगा, तुमच्या मोठ्या साहेबांचा मुलगा, आणि मी. मी! महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. मैदानाच्या एका टोकाला कडेने दगड रचलेलं एक उतरतं वळण होतं. तिथे वळणाच्या जरा आधी काडी सैल सोडायची, गाडीला स्वतःहून वळू द्यायचं आणि मग पुन्हा ताकद द्यायची. माझी ही पद्धत, आणि डबीतलं तेल त्या पद्धतीसाठी बसवलेलं. आईने माझा पिवळा पंजाबी ड्रेस इस्त्री करून ठेवला होता. तुम्ही सायकलवर गाडी पुढे धरून मला मागे बसवून घेऊन गेलात आणि रस्ताभर शिट्टी वाजवत होतात.

मैदानात पोचलो तर साहेबांच्या मुलाच्या गाडीची बॅटरी मेलेली. तो तोंड वाकडं करून उभा. साहेब हसत तुमच्याकडे आले आणि म्हणाले, "अरे, तुमची गाडी आहे ना? द्या जरा ह्याला. मुलींचं काय, त्या टाळ्या वाजवतील." आणि तुम्ही माझ्या हातातला रिमोट काढून घेतलात. माझ्याकडे बघितलंही नाही. हात पुढे केलात, रिमोट घेतलात, दिलात. बाबा, आजोबांचा हात धरून दीक्षेच्या मैदानात गेला होतात ना तुम्ही? आम्हाला शंभरदा ती गोष्ट सांगितलीत की त्या दिवशी आजोबा म्हणाले, आता मान खाली घालून जगायचं नाही. मग त्या दिवशी साहेबापुढे मान कुठे होती तुमची? पण तेसुद्धा मी पचवलं असतं. खरंच. नोकरी होती, क्वार्टर होतं, साहेबाला नाही म्हणणं सोपं नसतं, एवढं अकरावीतल्या पोरीलाही कळतं. ते मी माफ केलं असतं.

त्या मुलाने एक फेरी मारून पाहिली. काडी पूर्ण दाबून वळणात घुसला आणि बोंब मारली की आतलं चाक नुसतं फिरतं, गाडी ओढत नाही. अरे बाबा, ओढणार कशी, तू सैल सोडतच नाहीस तर! पण त्याला कोण सांगणार. साहेब म्हणाले, "जरा टाइट करा." तुम्ही तिथेच टेबलावर चाक काढलंत, डबी उघडलीत, माझं तेल चिंधीने पुसून टाकलंत आणि पिशवीतली सगळ्यात घट्ट तेलाची बाटली उपडी केलीत. मी बाजूला उभी राहून म्हणाले, "बाबा, वर जागा." तुम्ही म्हणालात, "हौ, मालूम आहे." साहेब घड्याळ बघत होते. तुम्ही काठोकाठ भरलंत. बुडबुड्यांसाठी थांबला नाहीत. झाकणाचा कागद नीट बसला की नाही ते पाहिलं नाहीत. आणि मग भाषणं सुरू झाली आणि गाडी त्या लोखंडी टेबलावर उन्हात पडून राहिली. मी तिच्यावर माझी ओढणी टाकायला गेले तर तुम्ही डोळे वटारलेत.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण मी लिहिणार. सुरुवातीला गाडी सगळ्यांच्या पुढे होती. पोरं ओरडत होती, साहेब टाळ्या वाजवत होते, आणि तुम्ही माझ्याकडे बघून मिशीत हसलात. नंतरच्या फेरीत त्या उतरत्या वळणावर मागचं चाक घसरलं. मला लांबून दिसलं, टायर तेलाने ओला होऊन चमकत होता. गाडी गोल फिरली, कडेच्या दगडावर आपटली आणि तिचं पुढचं चाक दांडीसकट लोंबकळायला लागलं. लोक हसले. डॉक्टरांचा मुलगा जिंकला. साहेबांचा मुलगा रिमोट आपटून पाय झाडत निघून गेला, आणि साहेबांनी तुम्हाला विचारलं, "काय हो, काय गडबड केली?"

आणि तुम्ही म्हणालात, "सायेब, तेल पोरीनं भरलं होतं. लेकरू आहे, चूक झाली."

मी तुमच्या बाजूलाच होते, बाबा. तुमच्या शर्टाची बाही माझ्या हाताला लागत होती. साहेब मोठ्याने हसले. "अरे, पोरीनं तेल फोडणीत घालावं, गाडीत कशाला!" सगळं मैदान हसलं. क्लबच्या पायरीवर बसलेल्या बायकाही हसल्या. आणि तुम्हीही हसलात. हेच मला सहन होत नाही. तुम्ही खोटं बोललात, घाबरून बोललात, ठीक आहे. पण हसलात कशाला? खोटं बोलून गप्प राहता येत नव्हतं? तोंडात मिठाची गुळणी धरता येत नव्हती? तुमचं ते हसू अजून माझ्या कानात आहे. त्यानंतर कॉलनीत दोन वर्षं मला पोरं "फोडणी" म्हणून हाक मारत होती. बसच्या रांगेत, ट्यूशनला, सगळीकडे. तुम्ही ते ऐकत होता आणि पेपर वाचत होता.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. मग तुमचं ताट वाढून तुमच्या समोर बसली आणि विचारलं, "तेल कोणं भरलं होतं?" तुम्ही वरणात मीठ कमी पडलं असं काहीतरी पुटपुटलात. आई म्हणाली, "वरणाचं नाही पुसून राहिली मी." तुम्ही उठून हात धुतलेत. आई मला एवढंच म्हणाली, "मले मालूम आहे वं. तू जेव." मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही ड्यूटीवरून येताना शहरात जाऊन संत्रा बर्फीचा डबा आणलात आणि माझ्या पुस्तकांवर ठेवलात. बर्फी! मला बर्फी नको होती, बाबा. मला एक वाक्य हवं होतं. साहेबापुढे नाही, मैदानात नाही, माझ्यापुढे, ओट्यावर, पोत्यावर बसून. "तेल मी भरलं होतं." चार शब्द. त्या बर्फीपेक्षा स्वस्त पडले असते.

त्याच महिन्यात बुद्धपौर्णिमा आली. आई पहाटेच अंघोळ करून खीर करायला बसली, आपण पांढरे कपडे घातले, बुद्धांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. नेहमीसारखं तुम्ही पुढे बसलात. तुम्ही एक शील म्हणायचं, मग आम्ही दोघींनी तुमच्यामागून म्हणायचं. तुमचा आवाज कॉलनीत मशहूर होता. शेजारचे म्हणायचे, तुमच्या बाबांनी पंचशील म्हटलं की आमच्या घरात ऐकू येतं. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. आणि तुम्ही थांबलात. आम्ही वाट बघतोय. तुम्ही घसा खाकरलात, पुन्हा थांबलात. मी तुमच्याकडे बघत होते, अगदी टक लावून. तुम्ही मेणबत्तीकडे बघत होता. शेवटी आईने ते शील स्वतः म्हटलं, पाचवंही तिनेच म्हटलं, आणि मी तिच्यामागून म्हटलं. तुमचे ओठसुद्धा हलले नाहीत. मग आपण खीर खाल्ली.

लोक म्हणतील, बघ, बापाने कबूल केलं होतं. आई तेच म्हणायची, शेवटपर्यंत. "अटकले नं ते तिथं? अजून काय पायजे तुले?" मला काय पाहिजे! मूर्तीपुढे अडकलात, मेणबत्तीपुढे अडकलात, माझ्यापुढे का नाही अडकलात? मी हातभर अंतरावर होते. तेल मूर्तीने भरलं नव्हतं, आणि मैदानात हसं मूर्तीचं झालं नव्हतं. मान जरा वळवायची होती, बस्स. त्यानंतर तुम्ही दर पौर्णिमेला काहीतरी काम काढायचात. शिफ्ट बदलून घ्यायचात. पुढे बसायचं काम आईकडे गेलं आणि मग माझ्याकडे आलं.

मी डिप्लोमाला जाते म्हटलं तेव्हा तुम्ही एका शब्दाने अडवलं नाहीत. नातेवाईक म्हणाले, मुलीला कशाला मशिनीत घालता, तर तुम्ही म्हणालात, तिला समजते त्यातलं. मला वाटलं, आता बोलतील. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बोलतील. मग तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि तुम्हाला रामदासपेठेतल्या दवाखान्यात ठेवलं. शेवटच्या भेटीत तुम्ही मला खुणेने जवळ बोलावलंत. आई औषध आणायला खाली गेली होती. खोलीत आपण दोघंच. मी खुर्ची जवळ ओढली. तुम्ही माझ्या हातांकडे बघितलंत आणि म्हणालात, "रिमोटमधले सेल काढून ठेवजो वं. नाही तं फुटतात, सगळा डबा खराब होते."

सेल! बाबा, कमाल आहे तुमची! मरणाच्या दारात माणूस गाडीपर्यंत येतो, रिमोटपर्यंत येतो, आणि तिथून मागे फिरतो? एवढं जवळ येऊन? मी "हो" म्हणाले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला डोकं टेकवून रडले. दुःखाने नाही, संतापाने. तुम्ही गेल्यावर लोक समजवायला यायचे की बाप गेल्याचं दुःख आहे. मी कोणाला काय सांगणार होते.

पुढे मी आयुष्यभर तेलातच काम केलं. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची तपासणी. तेलात पाणी किती, घाण किती, ते किती व्होल्टला टिकतं. साहेब लोक माझ्या सहीशिवाय ड्रम हलवत नसत. कोणी विचारलं की बाई, तुम्ही ह्यात कशा आल्या, की मी म्हणायची, वडिलांनी शिकवलं. ते खरंच होतं, आणि ते खरं असल्याचाच मला राग यायचा. कोणी दुसऱ्याने शिकवलं असतं तर मी तुमच्यावर सरळ, मोकळा राग धरला असता. तुम्ही तोही नीट धरू दिला नाहीत.

आता आजच्या पत्राचं कारण. मागच्या आठवड्यात तुमच्या पणतीने माळ्यावरून ती गाडी खाली काढली. तुम्ही तिला पाहिलं नाही. दुसरीत आहे, वळवळी आहे, प्रत्येक गोष्ट उघडून बघते. तिने आधी रिमोटचं झाकण उघडलं. आतला डबा लख्ख होता, गंजाचा एक डाग नाही. सेल मी, तुम्ही सांगितलंत त्याच संध्याकाळी, दवाखान्यातून घरी येऊन काढले होते. मग ती लोंबकळणारी दांडी हातात धरून तिने विचारलं, "आजी, ही कोणी मोडली? पणजोबांनी?"

बाबा, मी हे वाक्य चाळीस वर्षं तयार ठेवलं होतं. साहेबापुढे म्हणायला, आईपुढे म्हणायला, तुमच्यापुढे म्हणायला. माझ्यासमोर आता कोणी साहेब नव्हता. नोकरी जाणार नव्हती, क्वार्टर जाणार नव्हतं. एक सात वर्षांची पोरगी होती, फक्त विचारत होती. भिंतीवर तुमचा फोटो होता, तोच, मिशीतल्या हसण्याचा. पोरीने एकदा तुमच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

मी म्हणाले, "नाही गं. तेल मी जास्त भरलं होतं. माझीच चूक झाली."

इतक्या सहज तोंडातून गेलं. विचारसुद्धा केला नाही. नंतर दोन दिवस मी स्वतःवर इतकी भडकले होते की भाजी दोनदा करपली. मी का झाकलं तुम्हाला? तुम्ही मला झाकलं होतं का? ती पोरगी तुम्हाला ओळखत नाही, तुमच्याबद्दल चांगलं वाटलं काय नि वाईट वाटलं काय, तुमचं काय बिघडणार होतं? तरी मी झाकलं. म्हणून आज हे लिहायला बसले, निदान एका कागदावर तरी खरं असावं म्हणून. हा कागद कुठे टाकायचा तेही माहीत नाही. गाडीच्या खोक्यात ठेवीन आणि खोकं परत माळ्यावर.

काल पौर्णिमा होती. मी पुढे बसले, पोरगी मागे. पहिलं झालं, दुसरं, तिसरं. चौथ्यापाशी माझा आवाज अडकला. मी घसा खाकरला, तरी आला नाही. पोरीला पाठ आहे सगळं, तिने माझी थोडी वाट पाहिली आणि मग स्वतःच म्हणून टाकलं, मोठ्याने, तुमच्यासारखं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती, मला कळत होतं. मी मान वळवली नाही, बाबा. मेणबत्तीकडे बघत राहिले. तिला अजून सांगितलेलं नाही.